मोठा ब्रश

ताई,

भेट पाठवलेले मेकअपचे ब्रश कसे आहेत, म्हणून तीनदा विचारलंस. मोठा फारच मऊ आहे, धुतला तरी एक केस गळत नाही. भुवयांचा मात्र टोचतो. बाकीचे डब्यातच आहेत. नटून मी जाणार कुठे?

विसरायला लागल्यापासून आई तोंडाला हात लावू देत नाही, माझा तर झिडकारतेच. परवा सहज मोठा ब्रश तिच्या गालावरून फिरवला. तिनं डोळे मिटले आणि तुझं नाव घेऊन विचारलं, "आलीस?"

मी म्हटलं, "आले."

आता रोज तू होऊन तिचं तोंड पुसते. हे पत्र काही टाकायची नाही; फोनवर मी "छान आहेत" एवढंच सांगेन. येत नाहीस म्हणून दोन वर्षं तुझ्या नावानं बोटं मोडली. आता खरंच दारात उभी राहिलीस, तर मी कोण उरते गं?

तुझी धाकटी