बापावरून ठरतं

बाबा, मी आता मानोऱ्याजवळच्या एका शाळेत नववीला विज्ञान शिकवते. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि आज लिहायला बसले आहे ती खुशाली कळवायला नाही, भांडायला.

मेडशीच्या शाळेत तुम्ही आनुवंशिकतेचा धडा शिकवलात, तेव्हा मी तुमच्याच वर्गात होते. घरी बाबा, वर्गात सर. तुम्ही फळ्यावर आईकडे दोन एक्स काढता, वडिलांकडे एक एक्स आणि एक वाय. वायवर खडू आपटून म्हणता, "आई प्रत्येक वेळी एक्सच देते. मुलगा की मुलगी, हे बापावरून ठरतं. ज्याच्या घरी बाईला बोल लावतात, त्याला जाऊन सांगा." माझी मान अभिमानाने ताठ झाली होती. त्याच महिन्यात आईला चौथी मुलगी झाली.

बाळंतीण आतल्या खोलीत, मी चुलीपुढे, तुम्ही पाटावर जेवताय. आजी आईला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "चौथी बी पोरगीच. हिच्या कुशीतच खोट हाय." मी तुमच्याकडे पाहिलं. आता बोलाल, आता बोलाल. तुम्ही म्हणालात, "वरण वाढ."

"बाबा, तुमी तं वर्गात सांगतलं, बापावरून ठरते म्हणून."

तुमचा घास हातातच राहिला. "शाळेतलं शाळेत ठेवत जाय. इथं मास्तरकी करू नोको."

पुढे मोठे काका तुमच्या दुसऱ्या लग्नासाठी मुलगी सुचवायला आले, तेव्हाही तुम्ही चहा पीत नुसते ऐकत बसलात. त्या मुलीकडच्यांनीच नकार दिला म्हणून आईचा संसार टिकला. त्यानंतर एका दुपारी मी आईच्या ओंजळीत तुरीचे दोन दाणे ठेवले, तुमची म्हणून एका वाटीत एक तुरीचा आणि एक सोयाबीनचा, आणि तुमचा अख्खा धडा तिला समजावला. सोयाबीनचा दाणा आला तर मुलगा, आणि तो तिच्याकडे कधी नव्हताच. तिनं वाटीतला सोयाबीनचा दाणा उचलून पाहिला. मग तिनं एवढंच विचारलं, "हे त्यायले माईत होतं?"

आजी अडाणी होती, तिला मी केव्हाच माफ केलं. तुम्हाला माहीत होतं.

म्हणून मी शाळेतलं शाळेत ठेवत नाही. मुलींना सांगते, घरी जाऊन सांगा. मागच्या आठवड्यात तांड्यावरच्या एका मुलीचा बाप वर्गाच्या दारात येऊन उभा राहिला. ऊसतोडीहून नुकताच परतलेला, संतापलेला. "म्याडम, तुमी पोरीले काय शिकवून राह्यल्या? मायची बाजू घेऊन आजीसंगं भांडते!" मुख्याध्यापक मला बाजूला घेऊन म्हणाले, धडा दोन ओळींत उरका, कशाला भानगड. मी म्हटलं, उरकणार नाही. त्या माणसाला म्हटलं, "बसा, दादा. तुमाले बी शिकवते."

तो खरंच बसला, मुलीशेजारी, बाकात गुडघे अडकवून. मी पहिल्यापासून शिकवलं. शेवटी तो हळूच म्हणाला, "म्हंजे माह्यावरच आलं."

"दोष कोणाचाच नाही," मी म्हटलं, "पण तिचा तं नाहीच नाही."

तो उठून गेला. मला वाटलं, आता पोरीचं शिक्षण थांबलं. दुसऱ्या दिवशी ती आली. मी विचारलं, घरी काय झालं? "काही नाही, म्याडम. बा आजीले म्हणला, मायले आता बोलू नोको."

एवढंच. एवढंच तुम्हाला म्हणायचं होतं, बाबा. त्याला तुमच्यासारखी पदवी लागली नाही.

हे पत्र कुठेच जाणार नाही, ठाऊक आहे. मघाशी आई पाण्याचा तांब्या घेऊन आली, तिनं विचारलं, "काय लिहून राह्यली?" मी म्हटलं, शाळेचं काम. तुमचं नाव घेतलं असतं तर ती शेजारी येऊन बसली असती, तुमच्या आठवणी काढत राहिली असती, आणि मग मला तुमच्यावर रागावणं जमलं नसतं.