हिवरखेडीच्या पोलीस पाटलाची गैरहजेरी

मुक्काम हिवरखेडी, तालुका मलकापूर
दिनांक २६ नोव्हेंबर १९१८

प्रति,
मेहेरबान डेप्युटी कमिशनर साहेब,
जिल्हा बुलढाणा,
मध्यप्रांत व वऱ्हाड.

विषय : साथीच्या दिवसांत रजेशिवाय गाव सोडल्याबद्दल खुलासा, आणि पुन्हा गाव सोडण्यास परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : हुजुरांची नोटीस, कोतवालामार्फत पोचलेली.

महोदय,

१. मी, शेषराव इंद्रभान संबारे, मौजे हिवरखेडीचा पोलीस पाटील, नम्रपणे लिहून देतो की, हुजुरांच्या नोटिशीत तीन गोष्टी विचारल्या आहेत. इन्फ्लुएंझाची साथ, जिला इकडे मानमोडी म्हणतात, चालू असताना मी रजेशिवाय गाव का सोडले. नागपुरास माझे कोणते सरकारी काम होते. आणि मला पाटीलकीवरून दूर का करू नये. पैकी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. सरकारी काम कोणतेही नव्हते. माझा मुलगा निवृत्ती नागपुरास कॉलेजात पहिल्या वर्षाला आहे. सप्टेंबरअखेर त्याला बोर्डिंगात खोली मिळाली आणि त्याचे सामान पोचवण्यास मी गेलो होतो.

२. मुलगा मोठा असता बाप कशाला गेला, असे हुजुरांच्या मनात येईल. माझ्याही मनात आले होते. परंतु जुलैमध्ये मुलगा एकटा गेला व नातलगाच्या घरी उतरून तापाने आजारी पडून घरी परत आला, तेव्हापासून त्याची आई गोजरबाई हिचा माझ्यावर विश्वास राहिला नव्हता. गावची जबाबदारी माझ्यावर आहे, असे मी तिला सांगितले. त्यावर ती म्हणाली, "गावाचे पाटील तर हाच तुमी. पन त्या पोराचे कोन हा तुमी, ते सांगा मले." त्यावर मी निघण्याचे ठरवले. त्या वेळी हिवरखेडीत साथ नव्हती, आणि नागपुरास सामान ठेवून मी लगेच परतणार होतो, म्हणून रजेचा अर्ज केला नाही. ही माझी कसूर आहे व ती मी मान्य करतो.

सामानात एक ट्रंक, वळकटी, तुपाचा डबा, लोणच्याची बरणी व ज्वारीच्या पिठाची गोणी एवढे होते. बोर्डिंगात जेवण मिळते, पिठाचे काम नाही, असे निवृत्तीने दोनदा सांगितले. आईने गोणी बैलांच्या दमणीत घातलीच. मलकापूर स्टेशनावर डॉक्टरांनी आम्हा दोघांची नाडी पाहिली आणि गाडीत बसू दिले.

३. बोर्डिंगात आम्हाला दाखवलेली खोली दोघांची होती. दुसऱ्या खाटेवर नारायण नावाचा विद्यार्थी अगोदरपासून राहत होता. तो आपल्याच जिल्ह्यातला, डोणगावचा. त्याची आई मनकर्णाबाई विधवा असून भाजीपाला पिकवते. त्याने ट्रंकेला हात लावला, वळकटी ठेवायला जागा करून दिली. मी खाट झाडून गादी अंथरू लागलो. निवृत्ती आम्हाला स्टेशनावरून आणणाऱ्या टांगेवाल्याला निरोप देऊन कंदिलाचे तेल आणण्यास बाहेर गेला. तेवढ्यात साथीमुळे बोर्डिंगचे फाटक बंद करण्याचा हुकूम आला.

मी लगबगीने खाली गेलो. तेथील सुपरिंटेंडेंट हे भले पण भ्यालेले गृहस्थ होते. ते म्हणाले, "पाटील, आतल्याने बाहेर जायचे नाही आणि बाहेरच्याने आत यायचे नाही, असा हुकूम आहे."

मी म्हणालो, "साहेब, मी विद्यार्थी नाही. मी बाप आहे."

ते म्हणाले, "तुम्ही आता कोठे उभे आहात?"

मी पाहिले. मी फाटकाच्या आत उभा होतो.

इतक्यात निवृत्ती तेलाची बाटली घेऊन आला. तो गजांना धरून म्हणाला, "बाबा, तुमी आत काऊन? आत तर मले राह्याचं हाये!"  प्लेगच्या सालात अशाच हुकमाची दवंडी मी स्वतः गावात पिटवली आहे. मुलीच्या दारी आलेल्या बापालाही मी वेशीबाहेर ठेवले आहे. त्यामुळे हुज्जत घालण्यास मला तोंड नव्हते. मुलगा पुन्हा नातलगाकडे गेला आणि त्याच्या गादीवर मी निजलो.

४. आत जितकी माणसे तितकी नावे हवीत, म्हणून सुपरिंटेंडेंट साहेबांनी माझे नाव मुलाच्या जागी घातले. रोज सायंकाळी हजेरी होई. आजपर्यंत मी इतरांची हजेरी घेत आलो. तेथे पोरांच्या रांगेत उभा राहून मी "हजर" म्हणत असे. त्याच दिवसांत मी हिवरखेडीस गैरहजर होतो, हे नोटिशीतील म्हणणे खरे आहे.

नारायणाला प्रथम माझी अडचण झाली असावी. सोबती म्हणून त्याने आपल्या वयाचा मुलगा धरला होता. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो मान खाली घालून म्हणाला, "काका, राग मानू नका, पन तुमी लय घोरता." मी खाट दाराशी ओढून घेतली. त्यानंतर तो माझ्याशी मोकळेपणाने बोलू लागला. दुपारी निवृत्ती फाटकाशी भाजी, दूध घेऊन येई. तेव्हा नारायण त्याच्याशी गजांतून कॉलेजच्या गोष्टी करी. मी पाहिले की दोघांचे जमते. एका खोलीत राहण्यासाठी नेमलेली ही दोन पोरे, पण मध्ये फाटक होते आणि खोलीत मी होतो.

५. पुढे बोर्डिंगचा स्वयंपाकी मागच्या भिंतीवरून उडी मारून पसार झाला. सुपरिंटेंडेंट साहेबांनी सर्वांना जमवून विचारले, चूल कोणाला सांभाळता येते. कोणालाच येत नव्हती. माझ्याकडे पीठ आहे, एवढेच मी बोललो, त्यावरून ते काम माझ्याकडे आले. मी घरी कधी चुलीपुढे बसलो नव्हतो. पहिल्या दिवशीच्या भाकरी पोरांनी पाण्यात भिजवून खाल्ल्या. ज्यांच्या घरी कुणब्याच्या हातचे चालत नाही अशीही काही मुले होती. तीही जेवली. याबद्दल कोणाची तक्रार असल्यास ती मला अद्याप कळलेली नाही.

६. नंतर बोर्डिंगात साथ शिरली. आधी सुपरिंटेंडेंट साहेब पडले, मग एकेक खोली. डॉक्टर येत, पण त्यांना सारे शहर पाहायचे होते. जी मुले उभी होती त्यांना मी कामे वाटून दिली. कोणी पाणी उकळावे, कोणी पेज भरवावी, कोणी नुसते उशाशी बसावे. यात माझी हुशारी काही नव्हती, पाटलाला माणसे कामाला लावण्याची सवय असते इतकेच. बहुतेक मुले उठली. साहेबही उठले.

नारायण उठला नाही. आजाऱ्यांना पाणी देता देताच तो पडला. त्याचा ताप चढला तेव्हा त्याच्या घरी कळवावे, असे मी म्हणालो. तो माझा हात धरून म्हणाला, "नका कळवू, काका. माय एकटी हाये. ती पायीच निघंल अन् वाटेत पडंल. मी बरा झालो का मीच लिहीन तिले." मला ते पटले. मी कळवले नाही. एके दुपारी, मी त्याच्या छातीला तेल चोळत असता, तो गेला.

हुकूम असा की प्रेत बाहेर जाऊ शकते, आतला माणूस जाऊ शकत नाही. मी व दोघा मुलांनी त्याला फाटकापर्यंत नेले. पलीकडे निवृत्ती उभा होता. नातलगाकडचे कोणी येईना, म्हणून त्याने त्याच टांगेवाल्याला आणले होते. फाटक उघडून आम्ही नारायणाला त्यांच्या हाती दिले आणि फाटक पुन्हा लागले. निवृत्तीने मला विचारले, "बाबा, अग्नी कोन देईन?" मी म्हणालो, "तूच दे." माझ्या मुलाने आजवर कोणाला अग्नी दिला नव्हता. तो मान हलवून टांग्यात चढला. टांगा दिसेनासा होईपर्यंत मी गजांशी उभा होतो. तेवढ्या वेळात चुलीवरची पेज करपली, तेही कबूल करतो.

७. दिवाळीच्या सुमारास फाटक उघडले. निवृत्ती आत आला. ज्या कामासाठी मी नागपुरास गेलो होतो ते काम त्या दिवशी झाले. मी गादी झटकू लागलो तर तो म्हणाला, "राहू द्या, बाबा. तुमी बसा. मी लावतो." त्याने ट्रंक खाटेखाली सारली, पुस्तके मांडली, गादी स्वतः अंथरली. नारायणाची खाट तशीच होती. ती हलवू का, असे मी विचारले. तो नको म्हणाला. मग मी स्टेशनावर आलो. नारायणाच्या आईला कॉलेजातून पत्र गेले आहे, असे सुपरिंटेंडेंट साहेबांनी मला सांगितले होते.

८. गावी परतलो तेव्हा कळले की मी गेल्यावर थोड्याच दिवसांत साथ हिवरखेडीतही आली होती. घरोघर माणसे गेली. माझी थोरली भावजय वच्छलाबाई गेली. मी नव्हतो. याला माझ्याजवळ खुलासा नाही.

परंतु गावात पाटील नव्हता, असे जे नोटिशीत म्हटले आहे, ते बरोबर नाही. गोजरबाई रोज सकाळी चावडीवर जाऊन बसत होती. मरणाची खबर कोतवालाबरोबर ती पाठवीत होती. घाटाखालच्या वस्तीत एका घरी नवरा-बायको दोघेही गेले आणि भयाने कोणी पुढे होईना, तेव्हा तिने लोकांच्या दारात जाऊन बैठक मारली. "पाटील नाहीत, पाटलीन हाये. तुमी उठल्याबिगर मी उठत नाही," असे ती म्हणाल्याचे मला पुष्कळांनी सांगितले. लोक उठले. मी आलो त्या दिवशी तिने मला पाणी दिले, पोराची खुशाली विचारली आणि चावडीची किल्ली माझ्या हातात ठेवली. त्यापलीकडे त्या दिवसांबद्दल ती माझ्याशी बोललेली नाही.

म्हणून तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे की, मला दूर करणे हुजुरांस योग्य वाटल्यास माझी हरकत नाही. मात्र गावचे काम कोणी केले, हे सरकारास कळावे. बाईमाणसाचे नाव अशा कामी लागते की नाही, हा कायदा मला ठाऊक नाही. हुजुरांस ठाऊक असेल.

९. आता विषयातील दुसरी गोष्ट. काल निवृत्तीचे कार्ड आले. तो लिहितो की डोणगावहून नारायणाच्या नावे एक गोधडी आली आहे. थंडी पडली, अंगावर घे, असा आईचा निरोप सोबत आहे. म्हणजे मनकर्णाबाईला अजून काही माहीत नाही. कॉलेजचे पत्र इंग्रजीत होते. ते डोणगावात पोचले की नाही, पोचले तर कोणी वाचून काय सांगितले, हे कळण्यास मार्ग नाही. निवृत्तीने ती गोधडी रिकाम्या खाटेवर घडी करून ठेवली आहे आणि मला विचारले आहे, "बाबा, मी काय करू?"

त्याने काही करू नये, असे मी त्याला कळवले आहे. हे काम पत्राने होणारे नाही आणि पोराचेही नाही. नारायण माझ्या खोलीत राहत होता. मी समोर बसून सांगितले पाहिजे.

डोणगाव मेहकर तालुक्यात, येथून लांब आहे. दमणीने जाण्यायेण्यास बरेच दिवस लागतील, आणि सांगून लगेच उठून येता येईल असे वाटत नाही. साथ पुरती ओसरलेली नसता पाटलाने रजेशिवाय गाव सोडू नये, हे मी जाणतो. या खेपेस रजा रीतसर मागत आहे. परवानगी हाती येईपर्यंत थांबणे योग्य झाले असते. परंतु जितके दिवस मी थांबेन तितके दिवस ती बाई, मुलाच्या अंगावर आता गोधडी आहे, असे समजून निजेल. ते मला सोसत नाही. सबब हा अर्ज कोतवाल हुजुरांपुढे ठेवील त्या वेळी मी घाट चढून पुढे गेलेला, अर्थात पुन्हा गैरहजर असेन.

याबद्दल दुसरी नोटीस काढावी लागल्यास ती अवश्य काढावी. कोतवालाने ती गोजरबाईच्या हाती द्यावी. ती चावडीवर असेल.

हुजुरांचा नम्र, व हा अर्ज लिहीपर्यंत गावात हजर,
शेषराव इंद्रभान संबारे
पोलीस पाटील, मौजे हिवरखेडी

सोबत : मूळ नोटीस, परत.