उठत नाही, हे जाणा

नागपूर, १२ ऑक्टोबर २०२४

चि. मिलिंदास,
अ. उ. आशीर्वाद व जयभीम.

पत्र पोचलं. अक्षर निधीचं! कॅनडात किचनरला जाऊन इंजिनिअर झालास की जहागीरदार? बायकोला लेखनिक केलंस?

आणि बातमी काय, तर कम्युनिटी सेंटरमध्ये दिवसभर हात वरखाली करून ध्यान शिकलास, जेवतानाही अवाक्षर बोलायचं नाही! अरे, आपल्या आज्या-पणज्यांना गप्प बसवायला अख्खं गाव लागायचं; तू आपणहून नाव नोंदवून गप्प बसलास! धम्म म्हणजे दुःखाचं मूळ शोधून ते उपटणं. त्याची कवायत केली या लोकांनी.

ते असो. आपल्या आबांच्या नावाचं वाचनालय २६ जानेवारीला उघडतंय. भाषण तुझंच. सहाव्या वर्षी आबांच्या खांद्यावर बसून मूठ उंचावून घोषणा द्यायचास, वस्तीला अजून आठवतं. तिकीट काढ.

निधी, ईशानीला आशीर्वाद. माझ्या बोलण्याचा राग धर, पण माया पातळ करू नकोस.

तुझी,
प्रभाताई

किचनर, ९ नोव्हेंबर २०२४

ती. प्रभाताईस,
सविनय जयभीम. वि. वि.

हेही पत्र निधीच लिहिते आहे. मी शांतीसाठी गेलो नव्हतो, ताई. 'हातांच्या हालचालींचं ध्यान' असं वाचलं आणि वेड्यासारखं वाटलं, हात परत येईल.

उजवा हात जुलैपासून जातो आहे. स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसाच मरताहेत. बरं करणारं औषध नाही. आता हात, मग जीभ, मग श्वास, असं डॉक्टर म्हणाल्या. ही ओळ लिहायला निधी तयार नव्हती.

तिथे चौदा हालचाली होत्या. तळवा उभा करा, जाणा. उचला, जाणा. थांबा, जाणा. माझा उजवा मांडीवरच पडून. शिकवणाऱ्या थाई बाईंना मी हळूच सॉरी म्हटलं. त्या म्हणाल्या, उठत नाही, तर उठत नाही हे जाणा. तुझ्यासारखाच संताप आला. वॉशरूममध्ये जाऊन डाव्या हाताने भिंतीवर बुक्की मारली. शेवटी सगळ्यांनी हात जोडले. मी डाव्याने उजवा उचलून छातीशी धरला. सोडला की पडत होता.

ईशानीला सांगितलं. ती 'ओके, बाबा' म्हणाली आणि बर्फ उपसायचं शोव्हल घेऊन अंगणात जाऊन उभी राहिली. बर्फ अजून पडलेला नाही.

भाषण तू कर. माझी जीभ जड व्हायला लागली आहे. येणं होणार नाही, या वर्षीही नाही, पुढेही नाही. आहे तेवढे दिवस रागाव, म्हणजे तू आहेस हे कळेल.

तुझा,
मिलिंद

नागपूर, २७ जानेवारी २०२५

चि. मिलिंदास,
अ. उ. आशीर्वाद व जयभीम.

निधीने पाठवलेले तुझे रिपोर्ट इथल्या दोन डॉक्टरांना दाखवले, तिसऱ्याशी भांडले. तिघांनी एकच सांगितलं. ज्याचं मूळ उपटता येत नाही अशा दुःखाशी कसं बोलायचं, हे मी पाठ केलेल्या कुठल्याच पुस्तकात सापडलं नाही.

काल वाचनालय उघडलं. मी बोलले. शेवटी सवयीने घोषणेसाठी हात उचलला आणि, मिल्या, तो वर जाताना मला कळला. खांदा, कोपर, मनगट, मूठ. चाळीस वर्षं उचलते आहे, कधी कळला नव्हता. घोषणा तोंडातच राहिली. लोकांनी वाट पाहिली, मग आपणच टाळ्या वाजवल्या. मी हात खाली आणायचं विसरले. कार्यकर्त्यांनी धरून मंचावरून उतरवलं.

अक्षर निधीचं चालेल. शब्द थांबले तर तिच्याकडून कोरा कागद पाठव. मी वाचेन आणि रागावून उत्तर देईन.

लोभ ठेव, जमेल तितका.

तुझी,
ताई