बरोबर आलं की खारं, चुकलं की क्रीमचं

तीर्थरूप आत्यास,

वाकून नमस्कार (वाकायला हल्ली वेळ लागतो, तेवढा धरून घे). तुझे गुडघे बरे असतील. दोन गल्ल्या पलीकडे राहून पत्र का, ते पुढे येईल.

आधी दुरुस्ती. मागच्या पत्रात मी माझा वरचा रक्तदाब एकशे अडतीस लिहिला होता. तो एकशे अठ्ठावन्न आहे. पेन घसरलं असं लिहिणार होते, पण घसरलं नव्हतं. तुला धक्का बसू नये म्हणून मी वीस कमी केले. दिवसभर दुकानदारांचे वजनकाटे तपासून दहा ग्रॅमची चूक पकडणारी मी, आणि माझं हे असं. तेव्हापासून जेवण जात नाही, असं लिहिलं तर बरं दिसेल. जेवण जातं.

डॉक्टरीणबाईंनी तीन वेगवेगळ्या दिवशी पट्टा बांधला, तिन्ही दिवशी आकडा तसाच. लघवीतही थोडं प्रोटीन सापडलं. त्यांनी विचारलं, लहानपणी वजन कसं होतं? मी म्हटलं, सगळे कौतुक करायचे. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, लहानपणापासून वजन जास्त, खाण्यात मीठ-साखर जास्त, की दाब लवकर वाढू शकतो. दाबाने किडन्या थकतात, आणि थकलेल्या किडन्या दाब आणखी वाढवतात. तुझं तसंच झालं असं छातीठोक सांगत नाही, आणि लवकर कळलंय तर सावरता येईल. मला त्यातलं 'थकतात' एवढंच ऐकू आलं. घरी येईपर्यंत दोन्ही हात कमरेवर ठेवून चालले, वाटेत कुठे निसटल्या तर?

मग त्यांनी चोवीस तासांची लघवी कॅनमध्ये जमवायला सांगितली. उत्तराआधी रीत दाखवायची, हे तुझंच शिक्षण. म्हणून कॅनसोबत कागदावर प्रत्येक खेपेची वेळ लिहिली, आणि खाली 'दुपारी अडीचची खेप कामावर वाया गेली, क्षमस्व'. लॅबमधल्या बाईंनी कागद वाचला, कॅन ओतून दिला आणि नवा हातात ठेवला. "खरं बोलल्याचे मार्क नाहीत इथे, बाळ. पुन्हा पहिल्यापासून." तो कॅन अकरा दिवस दारामागे रिकामा आहे. भरला तर निकाल येईल, म्हणून भरत नाही.

त्याच्याकडे बघताना तुझं टेबल आठवतं. दहा वर्षांची होईपर्यंत माझी शाळा तीच. गणित बरोबर आलं की खारं बिस्कीट, चुकलं की रडू नये म्हणून क्रीमचं. त्यामुळे मी हुशार होते की ढ, याने वजनात काही फरक पडला नाही. दोष देत नाही गं. डब्याच्या झाकणाचा आवाज आला की अजूनही मला सगळं येतं असं वाटतं.

बाकी क्षेम. छोटीला पापा.

तुझी भाची

ता. क. हे लिहिताना दोन बिस्किटं खाल्ली. (चार.)

ता. क. २. खरं काम हे, वर लिहायची हिंमत झाली नाही. दादाची छोटी आता रोज सकाळी त्याच टेबलाशी बसते. मागच्या आठवड्यात जिना चढून आली, तर पाढा म्हणायला तिला दम पुरेना. तू म्हणालीस, "बाळसं आहे ते, उंची वाढली की उतरेल." माझ्याबद्दलही हेच म्हणायचीस. उंची वाढली. डबा बंद कर, आत्या. बरोबर आलं तर शाबास म्हण, चुकलं तर जवळ घे. मला तेवढं पुरलं असतं. हे समोर बोलले असते तर तू डबाच पुढे केला असतास आणि मी घेतलं असतं, म्हणून पत्र.

ता. क. ३. छोटीचा दाब मोजायला दादा तयार आहे, पण 'आत्याला विचार' म्हणतो. ती पट्ट्याला घाबरेल, म्हणून आधी माझ्या दंडाला बांधतील. (मीही घाबरते, ते तिला सांगू नकोस.) रविवारी सकाळी सातला कॅन सुरू करते, घराबाहेर पाऊल टाकणार नाही. तू हो म्हण किंवा नाही म्हण, भरलेला कॅन घेऊन छोटीला डॉक्टरीणबाईंकडे न्यायला तुझ्या दारात उभी राहीन, सोमवारी, नऊ तारखेला, सकाळी आठ वाजता.