वुजूचं पाणी

६ ऑगस्ट १९७२, रविवार
आजपासून रोज डायरी. मुतवल्ली होणाऱ्या माणसाकडे नोंदी हव्यात. जुने मुतवल्ली पैगंबरवासी होऊन महिना झाला, तरी मशिदीचा कारभार कुणाकडे द्यायचा हे आमच्या बावीस घरांना ठरवता येत नाही. माझ्याइतका लायक आहे कोण? पाची नमाजा पहिल्या रांगेत. मशिदीला अत्तर माझ्या दुकानातलं, फुकट. नमाजेत कपाळ टेकून पडणारा सजद्याचा डाग तेवढा अजून फिका आहे. उद्यापासून काथ्याच्या चटईवर नमाज. कपाळ जरा दाबून टेकवायचं.

७ ऑगस्ट
गावच्या विहिरी आटल्या. चांगलं पाणी फक्त मशिदीच्या आडात. झालं, अख्खं गाव हंडे घेऊन दारात. नमाजेआधी हात-पाय-तोंड धुवायला, वुजूला, पाणी नसेल तर ती मशीद कसली? डोकं फिरलं. आडावर फळ्या ठोकल्या, कुलूप लावलं. किल्ली माझ्याकडे. नमाजीला दर नमाजेला एक बधना, तोटीचा लोटाभर, पाणी. बाकी कुणाला थेंब नाही. हलिमा म्हणाली, हे बरं नाही केलं. बायकोला शरियत समजावण्यात अर्धा तास गेला. जेवण गार.

९ ऑगस्ट
कुंभाराची मनकर्णा आली. सून बाळंत झालीय, एक हंडा द्या म्हणाली. मी शांतपणे समजावलं. म्हणजे ओरडलो, पण मुद्दा शांतपणाचा होता. आज हिला दिलं तर उद्या शंभर येतील. रडत गेली. त्यामुळे असरच्या नमाजेत माझं लक्ष लागलं नाही. याचं पाप कुणाला?

११ ऑगस्ट, जुम्मा
खुतब्याच्या, प्रवचनाच्या वेळी तिघे पेंगले. नावं टिपून ठेवली. बाबालाल पिंजारी नेहमीप्रमाणे शेवटच्या रांगेत, टोपीला भोक. कुराणातल्या सुरा येतात कशाबशा चार. आणि लोक याला मुतवल्ली करा म्हणतात! गाद्या पिंजणाऱ्याला!

१३ ऑगस्ट
पकडला. बाबालाल बधना भरून घेतो आणि मागच्या दाराला मनकर्णेच्या हंड्यात ओततो. पाची वेळा. मग मशिदीच्या मातीच्या भिंतीवर दोन्ही हात टेकतो, तोंडावरून, हातांवरून फिरवतो आणि नमाजेला उभा राहतो. हा तयम्मुम. पाणी मिळत नसेल तेव्हाची सवलत. आडात पाणी असताना कसला तयम्मुम? विचारलं तर म्हणाला, आतारभाई, पानी हाय पन ते तिला लागतंय, मला भिंत पुरती. म्हणजे आठवडाभर याची नमाज वुजूशिवाय, आणि आम्ही याच्या खांद्याला खांदा लावून उभे. रात्रभर जळत होतो.

१४ ऑगस्ट
बाबालालचा बधना बंद. बरं म्हणाला. भांडलासुद्धा नाही, अशा माणसाचा जास्त राग येतो. नगरच्या मौलानांना चार पानी पत्र, माणसाबरोबर पाठवलं. संध्याकाळी तोच उत्तर घेऊन आला, मौलाना शुक्रवारी येतो म्हणाले. निवाडा आणि मुतवल्लीची निवड एकाच दिवशी. चांगलं जुळलं.

१६ ऑगस्ट
अचकन धुतली. तीन बादल्या लागल्या, आडाच्याच. धर्मकार्याला निघालेल्या माणसानं मळकं जायचं का? हलिमा दोन दिवस बोलत नाही. घरात शांतता आहे.

१८ ऑगस्ट, जुम्मा, संध्याकाळ
मौलाना यष्टीनं आले. ते बघतील अशा बेतानं मी वुजू करायला बसलो. कोपरांपर्यंत, तीन तीन वेळा, सावकाश. मग सगळ्यांसमोर तक्रार मांडली. मौलानांनी बाबालालला काही विचारलं नाही. मला विचारलं, गावात तहानलेलं माणूस आहे हे तुम्हाला माहीत होतं? मी म्हणालो, माहीत होतं, पण नियम. ते म्हणाले, तहानलेल्याला पाणी देऊन मातीवर हात टेकणाऱ्याची नमाज होते. तुमचं तुम्ही बघा. मग उठले आणि त्याच भिंतीवर स्वतःचे हात टेकले. त्यांच्यामागून सगळी जमात. पेंगणारे तिघेसुद्धा.

मी एकटाच बसलेला दिसायला लागलो. माझा वुजू झाला होता, मला गरज नव्हती. पण सगळे करतायत आणि मी नाही, हे बरं दिसेना. उठलो, भिंतीवर हात टेकले, तोंडावरून फिरवले. हात अजून ओले होते. तोंडभर चिखल, दाढीत, अचकनीवर. कुणी हसलं नाही. हसले असते तर मी ओरडलो असतो.

मनकर्णा दाराशी हंडा घेऊन उभी होती. तिनं तांब्या पुढं केला. तोंड धुवा भाऊ, म्हणाली. धुतलं. थोडं पाणी तोंडात गेलं, ते मी थुंकून टाकलं. मचूळ, गाळाचं. ती म्हणाली, नदीच्या झिऱ्याचं हाय, सून चार रोज हेच पितीय.

किल्ली माझ्या खिशात होती. बाबालालच्या हातात दिली. मुतवल्ली कोण झाला, ते विचारलं नाही.