पाच गिअरची प्लिमथ

९ एप्रिल, मंगळवार

क्लेट सकाळी गाडी टाकून गेला. बाबांची प्लिमथ, एकोणसत्तर सालची. त्रेचाळीस वर्षं त्यांच्या शेडमध्ये होती, आता माझ्या गॅरेजमध्ये. मागोमाग त्याची बायको फर्न ट्रक घेऊन आली, त्यात चार खोकी.

"पाच गिअरचा बॉक्स मागवलाय. मॅन्युअल," क्लेट म्हणाला. "ऑटोमॅटिक काढ नि हा बसव. तूच बसव, डेल. दुसऱ्या कोणाच्या हातात मी ती देणार नाही."

वा! केवढा विश्वास!

मॅन्युअल म्हणजे क्लच. क्लच म्हणजे तिसरं पेडल, आणि ते दाबायला डावा पाय लागतो. माझा डावा पाय बाविसाव्या वर्षी कोठारात धान्य वर चढवणाऱ्या यंत्राच्या मळसूत्रात गेला. मांडीपासून. हे माझ्या भावाला माहीत नाही असं नाही. अँब्युलन्समध्ये माझ्या बाजूला तोच बसला होता, सोळा वर्षांचा, रडत.

म्हणजे गाडी त्याची. आणि ती मला जन्मात चालवता येणार नाही याची सोयही मीच करायची. स्वतःच्या हातांनी!

मी म्हणालो, "ठेव तिथे."

११ एप्रिल

झोप नीट नाही. गुडघा दुखतो, जो आहे तोच.

बाबा जानेवारीत गेले. गाडी क्लेटला, हत्यारं मला. ज्याला स्पार्क प्लग आणि मेणबत्ती यातला फरक कळत नाही त्याला गाडी! वकिलाने वाचून दाखवलं तेव्हा मी मान हलवली. शहाण्यासारखी. फर्न म्हणाली, "डेलला हत्यारं हवीच होती." हो, मला विचारून सांगितलं तिने.

पण दोष एकट्या म्हाताऱ्याचा नाही. ते इथे लिहायला हरकत नाही, इथे कोण वाचतंय.

पाय जायच्या आधी दर शनिवारी मी पाव मैलाच्या शर्यतीत उतरायचो. चार गिअरची गाडी. डिफायन्सपासून फाइंडलेपर्यंत माझ्यासारखे गिअर ओढणारा कोणी नव्हता, आणि हे मी नाही, लोक म्हणायचे. शहात्तर साली बाबा ही प्लिमथ घेऊन आले तेव्हा मी कुबड्यांवर अंगणात उभा होतो. चार शेजारीही होते. बाबांनी किल्ल्या माझ्यापुढे धरल्या. मी आत डोकावलो. दोनच पेडल.

"ऑटोमॅटिक?" मी म्हणालो. "वळूला झबलं घातलंत की!"

सगळे हसले. बाबा हसले नाहीत. किल्ल्या खिशात गेल्या आणि माझ्यासाठी पुन्हा कधी बाहेर आल्या नाहीत. मीही मागितल्या नाहीत. उलट तोच विनोद त्रेचाळीस वर्षं करत राहिलो. प्रत्येक थँक्सगिव्हिंगला, प्रत्येक जत्रेत. माझा रोजचा पिकअप ऑटोमॅटिकच आहे, पण ते म्हणजे काम. अशा गाडीला ऑटोमॅटिक? छे! मी बसणार सुद्धा नाही!

आणि खरं काय ते फक्त इथे लिहितो. मला ती गाडी हवी होती. झबल्यासकट.

१३ एप्रिल, शनिवार

होबार्ट आला. तीस वर्षं माझ्या दुकानात गिअरबॉक्स उतरवणारा माणूस. आता दोघेही रिकामटेकडे. गाडी वर उचलली, मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट काढला, तेलाच्या नळ्या सोडल्या. लाल तेल थेट होबार्टच्या कॉलरमध्ये.

"या महिन्याची आंघोळ झाली तुझी," मी म्हणालो.

"तू ये ना खाली, एका तंगडीचा राजा!"

अकरा वाजेपर्यंत ऑटोमॅटिक जॅकवर उतरलेला होता. त्रेचाळीस वर्षांत एक थेंब गळलेला नाही. बाबांनी दर दोन वर्षांनी तेल बदललेलं दिसतं. एवढी माया मला कधी मिळाली नाही!

मग इंजिनच्या मुख्य दांड्याचं, क्रँकचं, मागचं तोंड पुसलं, टॉर्च मारली.

मॅन्युअल बॉक्सच्या दांड्याचं टोक क्रँकच्या मधोमध एका भोकात टेकतं. त्या भोकात छोटी बुश, म्हणजे पितळी कडी, असते. ती नसेल तर दांडा लटपटतो, बॉक्स चार दिवसांत खलास. या क्रँकला ते भोक नीट पाडलेलंच नाही. ऑटोमॅटिकसाठी बाजूला काढलेल्या इंजिनांना पुष्कळदा पाडत नसत. कशाला पाडतील.

"त्यात काय," होबार्ट म्हणाला. "तो रुंद बेअरिंग ठोकायचा बाहेरच्या खाचेत, भोकाशिवाय भागतं. किती बसवले असतील आपण? पंचवीस?"

मी टॉर्च बंद केली.

"काय रे?"

"भोक नाही," मी म्हणालो.

"आंधळा नाहीये मी."

"क्लेटला त्या बेअरिंगचं माहीत नाही."

होबार्ट बराच वेळ हात पुसत राहिला. मग म्हणाला, "डेल, हा हलकटपणा आहे."

"गाडी कोणाची आहे?"

"त्याची."

"भाऊ कोणाचा आहे?"

"तुझा. म्हणून तर म्हणतोय."

जेवायला थांबला नाही. सॉसेज दोन माणसांचे भाजले होते, ते मीच संपवले.

१७ एप्रिल

बेअरिंग माझ्याच फळीवर आहे. तिसऱ्या खणात, डब्यासकट. आज बघितला. परत ठेवला.

२१ एप्रिल, ईस्टर

क्लेटकडे जेवण. हॅम, बटाटे, फर्नची ती गोड वाटाण्याची कोशिंबीर, जी कोणी खात नाही आणि ती दर वर्षी करते.

जेवणानंतर ओसरीवर मी सांगून टाकलं. क्रँकला भोक नाही. बसवायचं तर इंजिन बाहेर काढावं लागेल, सगळं सुटं करून क्रँक कारखान्यात न्यावा लागेल. "बाबांचं इंजिन उघडावं लागेल," असं दोनदा म्हणालो. मला माहीत होतं तो काय म्हणणार. चाळीस वर्षं गिऱ्हाइकं बघितलीत, कुठे कळ दाबायची ते समजतं.

"नाही," तो म्हणाला. "बाबांनी जपलेलं इंजिन उघडायचं नाही."

"मग होणार नाही."

"दुसरा काहीच मार्ग नाही?"

"असता तर सांगितला नसता का?"

तो माझ्याकडे बघत राहिला. रागाने नाही. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. माझा प्रत्येक शब्द खरा धरून बघत होता. लहानपणी मी कुंपणावरून उडी मार म्हटलं की असाच बघायचा आणि मारायचा.

फर्न कॉफी घेऊन आली. "सांगितलंस त्याला?" तिने क्लेटला विचारलं.

"आता काय सांगायचं," क्लेट म्हणाला आणि आत भांडी घासायला गेला.

नवरा-बायकोचं काहीतरी आधीच ठरलेलं दिसतंय. असू दे. पेडल तर नाही ना लागत! जिंकलो मी.

२५ एप्रिल

ऑटोमॅटिक परत चढवला. एकट्याने. होबार्टने फोन उचलला नाही. चार तासांचं काम, नऊ तास लागले. दोनदा जॅक सरकला. आईवरून शिव्या दिल्या, बाबांवरून दिल्या, ईस्टर नुकताच झाला असूनही.

२७ एप्रिल, शनिवार

चाचणी घ्यायलाच हवी होती. काम केलं की गाडी चालवून बघायची, हा नियम आहे.

आठ मैल. कालव्याच्या रस्त्याने गेलो, जुन्या शाळेवरून परत.

अरे देवा!

सदुसष्टाव्या वर्षी मी पहिल्यांदा त्या गाडीच्या स्टिअरिंगवर बसलो. उजव्या पायाने जरा दाबलं, तर पाठ सीटमध्ये रुतली. गिअर आपला आपण बदलत होता, मऊ, गाय कूस बदलते तसा. आणि मी ओरडत होतो! एकटाच! खिडकी उघडी टाकून. म्हातारी मिसेस रुप टपालपेटीशी उभी होती, तिने हात केला. मीही केला. तिला वाटलं असेल बाबाच.

परत आलो. इंजिन बंद करून पाऊण तास आतच बसलो होतो. किल्ल्या पुढे धरल्या होत्या म्हाताऱ्याने. घ्यायच्या होत्या, एवढंच करायचं होतं.

क्लेटला सांगणार. तुझ्याकडेच ठेव, फक्त रविवारी मला दे. एवढं तर म्हणता येईल माणसाला.

३० एप्रिल

म्हणता आलं नाही.

क्लेट गाडी न्यायला आला. किल्ल्या घेतल्या, उडवल्या, झेलल्या. मग म्हणाला, "विकून टाकतो."

"का?"

"मी ठेवून काय करू? मला त्यातलं काय कळतं? आणि तुला तर ती अशी नकोच आहे."

थांबला. मला वाटतं, थांबला होता तो. माझ्या तोंडाकडे बघत. त्या वेळी एक वाक्य बोलायचं होतं. मला हवी आहे. अगदीच लाज वाटली तर नुसतं 'थांब'.

मी काय म्हणालो? मी म्हणालो, "झबलं घातलेला वळू कोण घेणार!"

तो हसला, उगीच, मला बरं वाटावं म्हणून. हा विनोद त्याने माझ्या तोंडून शंभर वेळा ऐकलाय, दर वेळी हसलाय.

गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत मी हातात फडकं धरून उभा.

४ मे

होबार्ट आला, बसलाही नाही. "सांगितलंस?"

"नाही."

"अजून वेळ आहे. जा आणि सांग. शिव्या घालेल, चार महिने बोलणार नाही, पण गाडी घरात राहील."

"तू कशाला एवढा तळमळतोस?"

"कारण तू मेल्यावर तुझ्या शवपेटीला खांदा देणाऱ्यांत मी असणार, आणि तेव्हाही तू कुरकुरत असशील!"

हसू आलं. मग दाराशी जाऊन तो म्हणाला, "गाडी हवी आहे म्हणणं नसेल जमत तर निदान बेअरिंगचं तरी सांग." त्याला मी घालवून दिलं. मोठा आला मला माणुसकी शिकवणारा.

८ मे

क्लेटच्या घरापर्यंत गेलो. फर्न कपडे वाळत घालत होती, तिने हात केला. मी हॉर्न वाजवला आणि तसाच पुढे गेलो, जणू कुठेतरी निघालो होतो.

११ मे, शनिवार

गिऱ्हाईक आलं. इंडियानाहून, ट्रॉटमन नावाचा सभ्य गृहस्थ, इस्त्रीची पँट. क्लेटने मला बोलावून घेतलं. "त्याने काही विचारलं तर मला उत्तर येणार नाही, डेल."

ट्रॉटमनने खाली झोपून बघितलं, इंजिनचे, बॉक्सचे मूळ नंबर ताडून बघितले, एकेक जुळला. उठला, पँट झटकली आणि विचारलं, "एक सांगा. या गाडीला पुढेमागे कोणाला मॅन्युअल बॉक्स बसवता येईल?"

क्लेट माझ्याकडे बघायला लागला. उत्तर त्याला पाठ होतं, तरी.

 हो म्हटलं तर क्लेटसमोर खोटा पडणार. नाही म्हटलं तर गाडी जाणार, नंबर ताडणाऱ्यांना मूळचीच वस्तू हवी असते.

"नाही," मी म्हणालो. "क्रँकला भोक नाही."

"उत्तम!" ट्रॉटमन खूश झाला. "मला अशीच हवी आहे, कोणी हात न लावलेली. हल्ली जो तो उठतो आणि पाच गिअर घालतो. तुम्ही जाणकार आहात, तुम्हाला किंमत आहे अशा वस्तूची."

हात मिळवला माझ्याशी. क्लेटने गाडीच्या छपरावर दोनदा थाप मारली, बाबा मारायचे तशी. ट्रेलरवर चढवताना तिने एकदा खोकल्यासारखं केलं आणि मग चढली.

"तू होतास म्हणून बरं झालं," क्लेट म्हणाला. मला!

१२ मे

मदर्स डे. आईच्या थडग्यावर गेलो नाही. शेजारीच बाबा आहेत.

१९ मे

फर्नचा फोन. क्लेट हल्ली बाबांच्या शेडमध्ये जाऊन नुसता उभा राहतो म्हणाली. मी म्हटलं, विकली त्यानेच, आता उभं राहून काय होणार. फोन ठेवताना ती म्हणाली, "तुम्ही दोघे भाऊ म्हणजे एकेक नमुना आहात." तिचा आवाज मला बरोबर वाटला नाही. पण मला बोलायची कोणाशीच इच्छा नाही. क्लेटने बॉक्सही परत नेला नाही, म्हणे तुझ्याकडे असू दे. मला काय करायचाय! त्यावर रंगाचे डबे ठेवलेत.

२३ मे, गुरुवार

टपालवाला एक खोकं देऊन गेला. माझ्या गॅरेजचा पत्ता, मागवणाऱ्याचं नाव क्लेट. मागवल्याची तारीख २६ फेब्रुवारी. सोबत दुकानाचं माफीपत्र : हाताने घडवावा लागतो म्हणून जवळजवळ तीन महिने लागले.

आत गिअरच्या दांड्यावर बसवायचा एक लिव्हर. मोटरसायकलला असतो तसा, हाताने दाबायचा क्लच. पेडल नको, पाय नको.

खाली क्लेटच्या अक्षरात त्याच्याच ऑर्डरची झेरॉक्स : "चालवणारा माझा मोठा भाऊ. डावा पाय मांडीपासून नाही. हात मोठे आहेत, मूठ मोठी पाठवा."

मूठ धरून बघितली. बरोबर बसते.