खंडेनवमीला बंद केलेला लॅपटॉप

सर, परतवाड्याच्या तुमच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं विकतात, त्यामुळे हे पाठवायला पत्ता नाही. पण काल अमरावतीच्या माझ्या दुकानात असं काम आलं की तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवेना.

मोर्शीकडची एक बाई ओढणीत गुंडाळून लॅपटॉप घेऊन आली. त्यांची संत्र्याच्या कलमांची नर्सरी. वाफ्यात हजारो रोपं, प्रत्येक ओळीला काडीवर नुसता आकडा. कोणत्या आकड्याच्या कलमाला कोणत्या झाडाचा डोळा, म्हणजे फांदीवरचा कोंब, भरलाय, हे सगळं त्या लॅपटॉपमध्ये, दुसरीकडे कुठंच नाही. रोपं दिसायला सारखीच. चुकीचं रोप दिलं, तर घेणाऱ्याला कळणार चार-पाच वर्षांनी, झाड फळावर आल्यावर. झालं असं, की खंडेनवमीला लॅपटॉप पूजेला मांडला तेव्हा त्याचं अपडेट चालू होतं. "सासूबाई म्हणे, आज अवजार चालवत नसतेत वं! अन् बटण दाबूनच धरलं, बंद होईपावतर," ती म्हणाली. "तवापासून निळा पडदाच येऊन राह्यला. भाचा म्हणते रीसेट मारा, सगळं नवं होते. मारू का ताई?"

मी तिचा हात धरायचाच बाकी ठेवला. कारण हा रीसेट मी एकदा मारलाय, तुमच्यासमोर. मी तुमच्याकडे नवीनच लागलेय, अंगात मस्ती भरपूर. पडद्यावर चार पर्याय आहेत, मी एकही धड वाचत नाही, एंटर दाबते, आणि कॉलेजातल्या एका प्राध्यापकांची वर्षानुवर्षांची टिपणं साफ. तुम्ही चहाचा कप खाली ठेवता. "इतली घाई कायची वं तुले? घर जळून राह्यलं, त आंधी माणसं बाहीर काढतेत का भिंती रंगवतेत?" मग प्राध्यापक आले, तेव्हा तुम्ही त्यांना हात जोडून म्हणालात, "चूक मायाकडून झाली." मी मागेच उभी होते. दुसऱ्या दिवशी तुम्ही माझ्याकडून बंद पडलेलं मशीन बाहेरून उठवायची रेस्क्यू डिस्क बनवून घेतली, कोणत्या कंपनीच्या मशीनला बूट मेनूसाठी कोणतं बटण, ते पुठ्ठ्यावर लिहायला लावलं, आणि लग्नपत्रिकेच्या पाकिटात घालून ती डिस्क मलाच देऊन टाकली.

आता डिस्क घालायला जागाच नसते, सगळं पेनड्राइव्हवर आलंय. पण क्रम तुमचाच. लॅपटॉप चालू करताच एफ-बारा, मेनूतून पेनड्राइव्ह निवडला, आतली विंडोज झोपलेलीच ठेवून बाहेरच्या सिस्टिमवर मशीन उठवलं. लॅपटॉपची हार्ड डिस्क दिसली. नर्सरीचं फोल्डर दिसलं. बाई माझ्या खुर्चीची पाठ घट्ट धरून उभी होती. फोल्डर आधी दुसऱ्या ड्राइव्हवर घेतलं, तिच्याकडून उघडून पाहून घेतलं. "हेच हाये! हे पाहा, सातशे बारा, विहिरीजवळच्या झाडाचं!" मग कुठं मी दुरुस्तीला हात लावला. निळ्या पडद्यावरच्या स्टार्टअप रिपेअरनं नन्नाचा पाढा लावला. मला माहीतच होतं. त्याच पडद्यावर आत जाऊन अर्धवट राहिलेलं अपडेट काढून टाकलं, आणि दहा मिनिटांत लॅपटॉप सरळ सुरू. कसा नाही होणार!

बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं घरी फोन लावला, सासूला म्हणाली, "आई, सापडलं सगळं, रडू नका आता, जेवून घ्या." तेव्हा मला कळलं, म्हातारी तिकडे तीन दिवस जेवली नव्हती. फोन ठेवून ती माझ्याकडे बघतच राहिली. "लय हुशार हाय तुमी, ताई. कोणाजोळ शिकल्या हे?"

मी म्हटलं, "कोणाजवळ नाही. आपलं आपणच."

तुमचं नाव ओठावर आलं होतं, सर. पण ती इतक्या कौतुकानं पाहत होती, की त्यातलं थोडंही कोणाला द्यावंसं वाटलं नाही.